सातव्या होलची तक्रार

१

गुरुवारी सकाळी सव्वासहाला जबलपूरच्या रेवा गोल्फ क्लबचा सातवा होल चोरीला गेल्याचं उघडकीला आलं.

झेंडा गेला असता तर मी समजू शकलो असतो. कापडाला सगळीकडे मागणी असते. पण इथं होलच गेला होता. काल संध्याकाळपर्यंत जिथं सव्वाचार इंच रुंद गोल खड्डा होता, तिथं आज सपाट हिरवळ होती. खड्ड्यातला कप, कपातली काठी, काठीवरचा पिवळा झेंडा आणि असे खड्डे पाडायचं क्लबचं एकुलतं एक यंत्र, सगळं त्याच्याबरोबर गेलेलं.

आमचे मानद सचिव शालिग्राम बर्वे तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी आयुष्यात कधी कमी आवाजात काही केलेलं नाही. ते मला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेले. मी क्लबचा सहसचिव आहे. तीन वर्षांपूर्वी मी क्लबात स्कूटर लावू का एवढंच विचारायला गेलो होतो, ते सहसचिव होऊनच बाहेर आलो.

"क्या गया?" तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीनं विचारलं.

"होल."

"उसमें क्या था?"

"कुछ नहीं."

मुन्शीनं पेन खाली ठेवलं. "मतलब किसी ने आपका गड्ढा भर दिया?"

"हां!"

"अपने आप? बिना टेंडर के?" तो उठून उभा राहिला आणि त्यानं बर्वेकाकांशी हात मिळवला. "साहब, वो आदमी मिले तो हमारी गली में भी भेजिएगा."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण त्याच दिवशी दिल्लीहून राष्ट्रीय गोल्फ महासंघाची बाई येणार होती. देशातलं सगळं गोल्फ या महासंघाच्या मुठीत आहे. त्यानं मोजून मान्यता दिली तर मैदान, नाहीतर नुसतं गवत. अकरा महिने पत्रं लिहून आम्ही ही बाई मिळवली होती, आणि तीही एका मुलीसाठी.

ती मुलगी म्हणजे आमच्या हेड माळ्याची, मोहन उमाठेंची अवंती. वय सतरा. क्लबातल्या सगळ्या साहेबांना हरवते आणि वर सॉरी म्हणते. राष्ट्रीय ज्युनियर चाचणीला नाव द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्यासाठी महासंघाचा खेळाडू क्रमांक लागतो. क्रमांकासाठी मान्यताप्राप्त मैदानावर, महासंघाच्या माणसासमोर, नऊ होल चाळीस फटक्यांत खेळून दाखवावे लागतात. पुढच्या वर्षी ती अठरा पूर्ण करणार, म्हणजे ज्युनियर राहणार नाही. पुढचं वर्ष नव्हतंच.

नऊ वाजता पूर्णिमा रस्तोगी आल्या. गळ्यात अंतर मोजायचं उपग्रहवालं यंत्र, हातात फॉर्म. त्यांनी सातवी हिरवळ बघितली, मग फॉर्म बघितला.

"इसमें नौ खाने हैं," त्या म्हणाल्या. "आठ होल वाले मैदान का फॉर्म महासंघ के पास नहीं है."

"हिरवळीच्या मधोमध मोजून घ्या ना," मी म्हणालो.

"नियम में लिखा है, होल तक. होल दिखाइए, मैं मोज... नाप देती हूँ." अर्धा तास आमच्यात राहून बाईंचं हिंदी बिघडायला लागलं होतं. "तब तक बाकी आठ नापती हूँ. लड़की मेरे साथ खेलती चले. सातवां आखिर में."

अवंती बॅग उचलताना माझ्याजवळ आली. "प्रथमेशदादा, मिल जाएगा ना?"

"हो," मी म्हणालो, आणि स्कूटरला किक मारली. जबलपुरात गेलेली वस्तू शोधू शकेल असं एकच माणूस मला माहीत होतं, आणि ते माणूस सकाळी दहापर्यंत कोणाशी बोलत नाही.

२

माझी आत्या, सुहासिनी दाणी, ओमतीला राहते. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात तिनं तेहेतीस वर्षं काढली. ती गुन्हे शोधत नाही, तक्रारी निकाली काढते. लोक खोटं कुठल्या श्वासाला बोलतात, हे तिला रिसीव्हरवरून कळायचं.

मी सगळं सांगितलं. ती आधी स्कूटर कमानिया गेटकडे घे म्हणाली. तिथं खव्याची गरम जिलबी पावशेर खाल्ली, बोटं पुसली आणि मग विचारलं, "होलात काय भरलंय?"

"गवत."

"कोणतं?"

"हिरवं."

"गाढवा, आलं कुठून ते?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी कायदा शिकतोय.

सातव्या हिरवळीवर पोचल्यावर आत्या कोणाला काही कळायच्या आत सुती साडीसकट पालथी झोपली. गाल गवताला लावून दोन मिनिटं पडून राहिली. बर्वेकाका घाबरून म्हणाले, "डॉक्टर बोलवू का?"

"मोहनला बोलवा."

मोहनकाका आले. पन्नाशीचे, बारीक, डोक्यावर टोपी, नजर कायम जमिनीवर, कारण त्यांचं कामच तिथं असतं.

"मोहन, तुम्ही होल पाडता कसा?"

"ताई, यंत्र म्हणजे काय, लोखंडी पाइप. दाबायचा, फिरवायचा, गवतासकट मातीचा गोल लोंदा वर येते. दर हफ्त्याला होलची जागा बदलतो आम्ही, नाहीतर काठाचं गवत झिजते. नवीन जागेचा लोंदा काढायचा, जुन्या होलात बसवायचा. झालं."

"लोंदा फेकत नाही?"

"नाही ना ताई!" त्यांना ते पाप वाटलं असावं. "तीस साल झाले, एक नाही फेकला."

आत्या उठून बसली. साडीला एका जागी बशीएवढा ओला डाग पडला होता. "बाकी सगळी हिरवळ कोरडी आहे. फक्त भरलेल्या जागेला पाणी घातलंय. कडा अंगठ्यानं दाबून सारख्या केल्यात. प्रथमेश, चोर चोरी करून पळतो. झाडाला पाणी घालून जात नाही."

मोहनकाका टोपी काढून परत घालत होते.

"आणि दुसरं," आत्या म्हणाली. "होल कोणी बुजवला नाहीये. होल हलवलाय. इथं जो लोंदा बसवलाय तो कुठून तरी काढलाय. आणि तो अगदी असल्याच गवतातून काढलाय, इतकंच बारीक कापलेल्या."

आम्ही पळत जाऊन बाकीच्या आठ हिरवळी तपासल्या. प्रत्येकीवर एकच होल होता. एकही जास्त नाही.

म्हणजे या शहरात कुठंतरी दहावी हिरवळ होती, तिला सव्वाचार इंचांचं भोक होतं, आणि घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

३

"शकु बक्षी!" बर्वेकाका ऑफिसात टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "दुसरं कोणी नाही!"

शकुताई बक्षी म्हणजे सातव्या हिरवळीमागच्या भिंतीपलीकडच्या बाई. रेल्वेच्या शाळेतून निवृत्त. आमचे चेंडू तीस वर्षं त्यांच्या अंगणात पडतायत. त्यांनी एकदा भिंतीवरून बर्वेकाकांना सांगितलं होतं की एक दिवस तुमचा हा खड्डा मी माझ्या हातानं बुजवीन.

"फाइल आहे?" आत्यानं विचारलं. तिचे डोळे चमकले. दुसरे लोक कादंबरी घेतात तशी तिनं तक्रारींची फाइल मांडीवर घेतली. 'विषय: चेंडू डाळीत पडल्याबाबत.' 'विषय: चेंडू पाहुण्यांना लागल्याबाबत.' 'विषय: वरील पाहुणे अद्याप न गेल्याबाबत.' एकेचाळीस पत्रं होती. आत्यानं शेवटचं पत्र उलटं करून पाहिलं.

"ही दोन वर्षांपूर्वीची तारीख. त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही. थकली असेल."

"एकेचाळीस पत्रं लिहिणारं माणूस थकत नाही," आत्या म्हणाली. "तेहेतीस वर्षं पाहिलंय मी. तक्रार करणारा एकाएकी थांबला, तर तो एक तर मेलेला असतो, नाहीतर भागीदार झालेला असतो. बाई जिवंत आहेत?"

"काल मला शिवी दिली."

"मग झालं."

तिची नजर आता काकांच्या डोक्यावरच्या लाकडी बोर्डावर गेली. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'शालिग्राम बर्वे. एकाच फटक्यात होल. सातवा होल, १६५ यार्ड. १९९४.' शेजारी मैदानाचा नकाशा होता, एकूण लांबी २५१२ यार्ड. पूर्णिमाजींच्या फॉर्मवर ठळक छापलं होतं की नऊ होलांची लांबी अडीच हजार यार्डांपेक्षा कमी असेल तर मान्यता नाही.

"आज पहिल्यांदाच मोजून राहिले ना हो, बर्वे?"

"मग? मोजू द्या की! मी काहून घाबरू?" काकांनी रुमाल काढला. पंखा चालू होता. फेब्रुवारी होता.

मी आत्याला बाहेर ओढलं. "हेच! मैदान मोजलं तर आकडा खोटा ठरतो, म्हणून होलच गायब केला!"

"मोजणी थांबावी असं वाटणारा माणूस पहाटे पोलिसांत जातो? तो गप्प बसतो आणि बाईला गाडीत बसवून देतो."

"मग शकुताई?"

"त्या लोंद्याच्या कडा अंगठ्यानं दाबतील?"

"मग मोहनकाका. यंत्र त्यांच्याकडे, हात त्यांचा..."

"आणि मुलगी त्यांची," आत्या म्हणाली. "बाप आपल्या पोरीचा रस्ता काहून बंद करेल?"

हे खरं होतं. ज्याला जमलं असतं त्याला कारण नव्हतं, आणि ज्यांना कारण होतं त्यांना जमलं नसतं.

अवंती पाचव्या होलजवळ सावलीत पाणी पीत होती. पूर्णिमाजी यंत्र बघून आकडे लिहीत होत्या.

"बेटा, सातव्याला मारायला तू कोणती काठी घेतेस?" आत्यानं विचारलं.

"वेज. छोटीवाली."

"ती किती जाते?"

"एकशे दहा. बहुत हुआ तो एकशे पंधरा."

मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्या पायावर पाय दिला.

"आणि हिरवळीवरचं ते हळू ढकलणं कुठं शिकलीस? स्टाफच्या मुलांना तर सोमवारीच सोडतात ना मैदानावर?"

"घरी," अवंती म्हणाली. हे सांगताना तिनं घराच्या दिशेला पाहिलं नाही. सातव्यामागच्या भिंतीकडे पाहिलं.

४

बाकीचे आठ होल मोजून झाल्यावर, पावणेचारला, आत्यानं सगळ्यांना सातव्या हिरवळीवर उभं केलं. अवंतीचे आठ होल सदतीस फटक्यांत झाले होते. म्हणजे सातव्याला तीन मिळत होते, फक्त होल असता तर.

"रस्तोगीबाई, आठ होलांची बेरीज किती?"

"तेईस सौ सैंतालीस."

"म्हणजे अडीच हजाराला सातवा किती लागतो?"

"एक सौ तिरपन. बोर्ड पर एक सौ पैंसठ लिखा है, तो चिंता क्या?"

"बोर्डावर लिहिलंय," आत्या म्हणाली. "पण ही पोर इथं एकशे दहाची काठी घेते आणि हिरवळीवर पोचते. या होलची खरी लांबी सांगू शकेल असा इथं एकच माणूस आहे. तीस वर्षं रोज जो ती पायानं चालतो. मोहन?"

मोहनकाका जमिनीकडे बघत राहिले. बर्वेकाका आकाशाकडे बघत होते.

"एकशे बारा," मोहनकाका म्हणाले.

पूर्णिमाजींनी तोंडातल्या तोंडात बेरीज केली. "फिर तो मैदान फेल है. होल मिल भी जाए, तो भी."

अवंतीच्या हातातून बॅग खाली पडली. आतल्या काठ्या खणखणल्या.

"फेल होता," आत्या म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत. सगळे विचारून राहिले की मोजणी कोणाला नको होती. मी उलटं विचारलं, मोजणीत पास होणं कोणाला हवं होतं? त्याला होल बुजवायचा नव्हता. त्याला तो लांब न्यायचा होता, इथून त्रेपन्न यार्ड मागं." तिनं हात वर केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "त्रेपन्न यार्डांवर काय आहे, मोहन?"

भिंतीपलीकडून एक पांढऱ्या केसांचं डोकं वर आलं.

"कधीची वाट बघून राहिले मी!" शकुताई ओरडल्या. "यंत्र माझ्या न्हाणीघरात पडलंय, मला आंघोळ नाही करता आली! शिडी आहे इकडे, या एकेक!"

५

शकुताईंच्या अंगणात दोरीवर पिवळा झेंडा वाळत होता. शेजारी परकर. खाली, गॅलरीपासून विहिरीपर्यंत, मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सुंदर हिरवळ होती. तिच्या मधोमध सातवा होल होता. ठणठणीत होता. फक्त बदली झाली होती.

"झेंड्यावर कावळा बसला होता, म्हणून धुतला," शकुताई म्हणाल्या.

मोहनकाका सांगत होते, तेही हिरवळीशीच बोलत असल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी ते चेंडू मागायला इथं आले होते. शकुताईंनी विचारलं, तुमची पोर सोमवारीच काहून खेळते? कारण ऐकलं आणि म्हणाल्या, माझं अंगण आठवडाभर उघडं असते. छाटणीतलं फेकायचं गवत मोहनकाकांनी इथं लावलं. होलच्या जागी एक वाटी पुरली. अवंती रोज शाळेतून येऊन त्या वाटीत चेंडू ढकलायची.

"आज पहाटे वाटी काढून तिची जागा मातीनं भरली, बाजूला बरोबर होल पाडला," ते म्हणाले. "लोंदा हातात होता. फेकता तर येत नाही. जुन्या जागी बसवला, पाणी दिलं. विचार केला, साहेब आले का सांगतो. तर साहेब पुलिस-पुलिस करत आले. मग नाही बोललो गेलं. बोललो तर दिल्लीच्या बाईसमोर साहेबांचा बोर्ड खोटा पडते."

"मला सांगायचं होतंस, आकडा बदलला असता!" बर्वेकाका म्हणाले, पण आवाज तोफेचा नव्हता.

"आकडा बदलून मैदान थोडीच वाढते, साहेब. आणि तुमच्या बोर्डावरचं खोडायची माझी काय ऐपत? जमीन सरकवता येते मला. तेच काम आहे माझं."

पूर्णिमाजींनी नियमांचं पुस्तक काढलं. आम्ही सगळे त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा पानं उलटत होता. चार वाजून आठ मिनिटं.

"होल दीवार के अंदर होना चाहिए, ऐसा कहीं नहीं लिखा," त्या शेवटी म्हणाल्या, जरा दुःखानंच. "ज़मीन मालिक की लिखित अनुमति चाहिए. और सचिव का बयान. पुरानी लंबाई, नई लंबाई, दस्तखत."

शकुताईंना कागद दिला. त्यांनी सवयीनं वर लिहिलं: 'विषय:'. मग बराच वेळ थांबल्या. मग लिहिलं: 'तक्रार नसल्याबाबत.'

बर्वेकाकांनी फॉर्म घेतला. "हा जुन्या लांबीचा रकाना... कोरा ठेवला तर?"

"नहीं."

ते अवंतीकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती चेंडू पुसत होती, तोच चेंडू, चौथ्यांदा. काकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बत्तीस वर्षं तो बोर्ड त्यांच्या डोक्यावर होता. सगळ्या पाहुण्यांना ते त्याच्याखालीच बसवायचे.

त्यांनी लिहिलं: ११२. आकडा ठळक काढला.

मोजणीच्या यंत्रानं नवी लांबी एकशे चौसष्ट दाखवली. एकूण पंचवीसशे अकरा. पास. पूर्णिमाजींनी कुठंही 'छान' वगैरे न म्हणता शिक्का मारला.

चार एकतीसला अवंती सातव्या होलच्या सुरुवातीला उभी राहिली. वेज बॅगेतच होती. हातात लांब काठी होती. समोर जुनी हिरवळ, मागं भिंत, आणि भिंतीमागं काय आहे ते इथून दिसत नव्हतं. इथून तिथं तिनं कधी मारलं नव्हतं. कोणीच मारलं नव्हतं.

मोहनकाका पाठ करून उभे होते. आत्यानं माझा दंड पकडला होता, त्याची खूण अजून आहे.

फटका बसला. चेंडू वर गेला, भिंतीवरून गेला, दिसेनासा झाला.

खळ्ळकन आवाज आला.

मग भिंतीवर पांढरं डोकं उगवलं.

"कुंडी गेली माझी! झेंडूची!" शकुताई ओरडल्या. "तिला लागून परत आला! गवतावर आहे!"

अवंती धावत भिंतीशी गेली आणि शिडी चढली. आम्ही पोचलो तोवर ती चेंडूमागं उकिडवी बसली होती. होल चौदा पावलांवर, मधे थोडा उतार. पण या उताराशी तिची दोन वर्षांची ओळख होती. तिनं चेंडू होलकडे नाही, विहिरीकडे ढकलला. मला वाटलं गेलं सगळं. चेंडू विहिरीकडे निघाला, वळला आणि होलपासून वीतभर अंतरावर थांबला. पुढचा फटका तिनं वेळ न लावता मारला. कपात पडल्याचा आवाज आला.

चाळीस.

चार अठ्ठेचाळीसला पूर्णिमाजींनी फोनवरून कार्ड पाठवलं. चार सत्तावन्नला क्रमांक आला आणि अवंतीनं तो चाचणीच्या फॉर्मात भरला. मोहनकाका तेव्हा तिथं नव्हते. ते फुटलेल्या कुंडीतली रोपं दुसऱ्या कुंडीत लावत होते, आणि वर पाणी घालत होते.

शुक्रवारी रंगारी आला. बोर्डावर आता '११२ यार्ड' आहे. बर्वेकाका सगळ्यांना सांगतात की होल तर होलच, अंतराचं काय घेऊन बसलात.

त्याच दुपारी क्लबात शकुताईंचं नवीन पत्र आलं, दोन वर्षांनंतरचं पहिलं. आत्यानं ते मोठ्यानं वाचलं.

'विषय: कुंडी फुटल्याबाबत. काल दुपारी साडेचारच्या सुमारास आपल्या चेंडूने माझी कुंडी फुटली. भरपाई नको. नवी कुंडी तिथंच ठेवली आहे आणि ठेवीत जाईन. मुलीला तिचा अंदाज आला आहे.'

आत्यानं फाइलीत ते पत्र लावलं, वर 'निकाली' असं लिहिलं आणि मला म्हणाली, "चल, कमानियाला."